दोन आजारांच्या मधली वाट

कर्करोग रुग्णाला सांगतो, ‘घराबाहेर पड, इस्पितळ गाठ, उशीर करू नकोस.’ साथीचा रोग सांगतो, ‘घरातच राहा, इस्पितळाच्या वाटेला जाऊ नकोस.’ २०२० साली या दोन परस्परविरोधी आज्ञा एकाच माणसाच्या कानी एकाच वेळी पडल्या. असे हजारो लोक त्या वर्षी आपल्या महाराष्ट्रात होते आणि त्यांच्यापैकी मी एक होतो. त्या दिवसांना आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. मी बरा आहे, वेदीपाशी उभा राहतो, निफाडच्या थंडीत कानटोपी घालून पहाटेची मिस्सा करतो. परंतु आजही धर्मग्रामातील कोणाला कर्करोगाचे निदान झाले की त्या घरातील मंडळी माझ्याकडे येतात आणि तेच प्रश्न विचारतात. त्यांना तोंडी सांगतो ते एकदा सविस्तर लिहावे, असे बरेच दिवस मनात होते.

२०१९ च्या आगमनकाळात माझ्या मानेत उजव्या बाजूला एक गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणूनच डॉक्टरांना ती अधिक संशयास्पद वाटली. जानेवारीत गाठीचा तुकडा काढून तपासणी झाली आणि लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, असे निदान आले. डॉक्टरांनी दर एकवीस दिवसांनी एक याप्रमाणे रसायनोपचाराच्या सहा पाळ्या ठरवल्या. आपण सारे त्याला ‘केमो’ म्हणतो. ११ फेब्रुवारी हा लूर्दमातेचा सण. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली हाच दिवस जागतिक रुग्णदिन म्हणून नेमला. त्या दिवशी दरवर्षीप्रमाणे मी धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या कपाळावर व हातांवर पवित्र तेल लावले. शेवटी शेजारच्या धर्मग्रामातील तरुण फादरांसमोर मी स्वतःच जाऊन बसलो. तीस वर्षे ज्या बोटांनी इतरांना तेल लावले ती बोटे त्या दिवशी तेल घेण्यासाठी पुढे झाली. दुसऱ्या दिवशी, १२ फेब्रुवारीला, नाशिकच्या इस्पितळात पहिली पाळी झाली.

केमो म्हणजे काय, हे मला आमच्या एका द्राक्षबागायतदाराने माझ्या डॉक्टरांपेक्षाही सोप्या शब्दांत समजावले. आमच्या निफाड तालुक्यात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. खरड छाटणी झालेली बाग परक्या माणसाने पाहिली तर त्याला वाटावे, बाग मेली. ‘फादर, तुमची ही खरड छाटणी आहे,’ तो म्हणाला. ‘बाग उघडी दिसेल, पण मूळ जिवंत आहे. फक्त त्या दिवसांत जपायचं.’

उपमा अगदी नेमकी होती. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्कपेशी झपाट्याने वाढतात म्हणून त्या मरतात. परंतु केसांची मुळे, तोंडाचे आतील अस्तर आणि हाडांतील मगज यांतल्या पेशीही तशाच वेगाने वाढत असतात, म्हणून त्यांच्यावरही घाव बसतो. राखेच्या बुधवारी, २६ फेब्रुवारीला, कपाळावर राख घेतली तेव्हा माझे केस उशीवर गळू लागले होते. माणूस माती आहे हे त्या वर्षी निराळे सांगावे लागले नाही. केस गेले तर बिघडत नाही. खरी चिंता मगजाची. तेथे तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. औषध दिल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत त्यांची संख्या सर्वांत खाली जाते. त्या काळात घरचा साधा जंतूही शिरजोर होतो. बागेला कुंपण नाही, राखणदार नाही, अशी ती स्थिती.

आणि नेमकी त्याच सुमारास साथ आली. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड ही जागतिक महामारी असल्याचे घोषित केले. चर्चमधील सार्वजनिक उपासना बंद झाली. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. माझी तिसरी पाळी दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला होती. रात्री मी डॉक्टरांना दूरध्वनी केला. पाळी पुढे ढकलावी काय, असे विचारले. त्यांनी क्षणभर थांबून सांगितले, ‘फादर, कोरोना तुम्हाला होईल किंवा होणार नाही. लिम्फोमा मात्र झालेला आहे. या.’

हे वाक्य मी आजवर कितीतरी घरांत सांगितले आहे. सर्वांच्या बाबतीत उत्तर एकच नसते. काही कर्करोग सावकाश वाढतात. तेथे डॉक्टर विचारपूर्वक थांबले, औषधाचा क्रम बदलला, इंजेक्शनाऐवजी गोळ्या दिल्या. तो निर्णय मात्र डॉक्टरांनी रुग्णाचा आजार पाहून करायचा असतो. आपण घरी बसून, भीतीच्या आहारी जाऊन करायचा नसतो. त्या वर्षी अनेकांच्या वाट्याला तो निर्णय आलाच नाही. परिस्थितीने तो परस्पर करून टाकला. देशातील ४१ कर्करोग केंद्रांची पाहणी पुढे २०२१ साली प्रसिद्ध झाली. २०१९ च्या मार्च ते मे या तीन महिन्यांत त्या केंद्रांत सुमारे १ लाख १२ हजार नवे रुग्ण नोंदले गेले होते. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ही संख्या सुमारे ५२ हजारांवर आली. मोठ्या शस्त्रक्रिया जवळजवळ निम्म्या झाल्या. कर्करोग कमी झाला नव्हता. रुग्ण घरी बसले होते, गाठ अंगात वाढत होती आणि गाडी नव्हती.

आमच्या भागातून परळला जाणारे रुग्ण कितीतरी वर्षे पहाटेच्या पंचवटी एक्सप्रेसने जात. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्या दुःखातून त्याची प्रेरणा आली. तेव्हापासून खेड्यापाड्यांतील गरिबांचे ते शेवटचे आशास्थान आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पदपथावर पथारी, हे दृश्य मी रुग्णांना घेऊन जाताना अनेकदा पाहिले आहे. २०२० च्या मार्चअखेर रेल्वे थांबली, एस.टी. थांबली. टाटा रुग्णालयाने मात्र दारे लावून घेतली नाहीत. साथीच्या ऐन भरातही कर्करोगाचे उपचार चालू ठेवायचे, असा निर्णय तेथील डॉक्टरांनी घेतला. त्या निर्णयामुळे किती घरांतील दिवे विझले नाहीत, याची मोजदाद परमेश्वरच जाणे.

मला सुदैवाने नाशिकपर्यंतच जायचे होते. इस्पितळाचे पत्र दाखवले की पोलीस गाडी सोडत. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मला नेण्यास तयार झाला. त्याची द्राक्षे वेलीवर होती, व्यापारी फिरकत नव्हते, पुढे त्याने निरुपायाने त्यांचा बेदाणा केला. अशा चिंतेत असताना त्याने आपण होऊन एक नियम घालून घेतला. मला नेणे-आणणे संपेपर्यंत तो घराच्या पडवीत वेगळा झोपला, बाजारात गेला नाही, कोणाच्या ओट्यावर बसला नाही. मला तो एवढेच म्हणाला, ‘मला काही होणार नाही फादर, पण माझ्याकडून तुम्हाला होईल.’ साथीच्या काळातील शेजारधर्म एवढ्या थोडक्या शब्दांत मी दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही.

मार्चच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातील कोविडचा पहिला रुग्ण आमच्याच तालुक्यात, लासलगाव परिसरात आढळला. कांद्याच्या लिलावाने गजबजलेले ते गाव एका दिवसात चिडीचूप झाले. आमच्या पॅरिश हाऊसची घडीही बदलली. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी स्वयंपाकघराचा ताबा कडक हातात घेतला. माझे ताट, तांब्या, पंचा वेगळे झाले. दाराशी साबण आला. शिजवलेले आणि ताजे अन्नच पानात येई. कोशिंबीर, कच्चा पाला, उघड्यावरचे पदार्थ बंद. पेशी घटलेल्या दिवसांत सालीसकट खायची फळेही वर्ज्य होती. द्राक्षांच्या गावात राहून त्या मोसमात मी एक मणी खाल्ला नाही. कोणीतरी फाटकाशी द्राक्षांची पेटी ठेवून जाई. मावशी ती धुऊन, उकळून, त्यांचा मुरंबा करीत आणि चमचाभर माझ्या पोळीवर घालीत. खिडक्या उघड्या ठेवायच्या, कोणी बोलायला आले तर अंगणात चिंचेखाली, सहा फुटांवर, तोंडाला कापड बांधून. हे सारे करताना प्रारंभी मला संकोच होई. धर्मगुरूचे घर म्हणजे उघडे दार, हीच शिकवण सेमिनरीत मिळाली होती. मग शुभवर्तमानातील दहा कुष्ठरोगी आठवले. तेही दूर उभे राहूनच प्रभूला हाक मारतात. अंतर त्यांच्या हाकेच्या आड आले नाही आणि त्याच्या कृपेच्याही आड आले नाही.

२७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस पावसाने भिजलेल्या, निर्मनुष्य अशा संत पीटरच्या चौकात एकटे उभे राहिले. रोममध्ये १५२२ साली प्लेगची साथ आली असता जो क्रूस लोकांनी रस्तोरस्ती मिरवत नेला होता, तोच संत मार्सेलोच्या चर्चमधील क्रूस तेथे आणला होता. मी ते दृश्य खाटेवर पडून पाहिले. पाचशे वर्षांपूर्वी लोक एकत्र जमून मिरवणूक काढत होते. आज जमावाचा धोका ठाऊक झाल्यामुळे पोपमहोदय एकटे होते. श्रद्धा तीच, ज्ञान मात्र वाढलेले. आणि ज्ञान वाढल्याने श्रद्धेला काहीही उणेपण आले नव्हते. बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे आणि औषधे ही परमेश्वरानेच भूमीतून निर्माण केली असे म्हटले आहे. साबण, मुखपट्टी आणि केमोची बाटली यांना मी त्याच ओळीत बसवतो.

५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार. तिसऱ्या पाळीचा बारावा दिवस. रिकाम्या चर्चमध्ये बसून मिस्सा केली. रात्री नऊ वाजता देशभर घरांतील दिवे मालवून दारात पणत्या लावायच्या होत्या. मी खिडकीतून त्या पाहत होतो आणि मला थंडी वाजू लागली. तापमापकात पारा १०१ च्या वर होता. अशा वेळी मन दोन्हीकडून खेचले जाते. वाटते, पॅरासिटामोल घ्यावे, पांघरूण ओढावे, सकाळपर्यंत पाहावे. इस्पितळात तर कोरोनाच असेल. परंतु डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिले होते: केमो चालू असताना ताप १००.४ अंश किंवा अधिक झाला तर रात्र असो वा दिवस, ताबडतोब यायचे. स्वतःहून तापाची गोळी घ्यायची नाही. कारण राखणदार नसलेल्या शरीरात जंतू काही तासांत रक्तात पसरतात आणि योग्य औषध लवकर मिळाले तरच माणूस हाती लागतो. तो कागद मावशींनी स्वयंपाकघरात भिंतीला चिकटवला होता. त्यांनी मला विचारलेही नाही. सरळ त्या तरुणाला फोन लावला.

पणत्या विझत असताना आम्ही निफाड सोडले. नाक्यावर हवालदाराने विजेरीने पत्र वाचले, माझ्या केशहीन डोक्याकडे पाहिले आणि अडथळा स्वतः बाजूला केला. इस्पितळात गेल्यावर पहिला प्रश्न अर्थातच कोरोनाचा आला. घशातील नमुना घेतला गेला आणि मला वेगळ्या खोलीत ठेवले. अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविके मात्र लगेच सुरू झाली. तेच महत्त्वाचे होते. अहवाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत पायांपासून डोक्यापर्यंत प्लास्टिकने झाकलेल्या परिचारिका आत येत. चेहरा दिसत नसे. एकीने छातीवर कागद चिकटवून त्यावर आपले नाव लिहिले होते आणि नावापुढे एक हसरा चेहरा काढला होता. तिला कोणी तसे सांगितले नव्हते. रुग्णाला समोर कोण आहे ते कळावे, एवढाच तिचा हेतू. पवित्र सप्ताहात मला घडलेले वेरोनिकेचे दर्शन ते हेच.

अहवालात कोरोना निघाला नाही. ताप उतरला. पवित्र गुरुवारी मला घरी सोडले. त्या वर्षी पाय कोणाचेच धुतले गेले नाहीत. चौथी पाळी आठवडाभर पुढे गेली, पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने जोडली गेली. सहावी पाळी ३ जूनला झाली, ज्या दिवशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकले. आम्ही धो धो पावसातून परतलो.

या काळात सर्वांत जड गेले ते एकच. मे महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध आजी अखेरच्या घटका मोजत होत्या. वार्धक्यच, साथीचा संबंध नव्हता. घर चर्चपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी मला बोलावले. माझ्या पेशी त्या आठवड्यात तळाला गेल्या होत्या आणि त्यांच्या घरात दोन नातवंडांना ताप होता. पवित्र तेलाची कुपी माझ्या कपाटात होती आणि मला जाता येत नव्हते. शेजारचे तरुण फादर गेले. त्यांनी आजींना तेल लावले, आणि नातीने दूरध्वनी आजींच्या कानाशी धरला. मी माझ्या खोलीतून त्यांच्याबरोबर मरीयेची प्रार्थना म्हटली. शेवटच्या ‘आमेन’ला त्यांचा आवाज ऐकू आला की मला भास झाला, हे मी सांगू शकत नाही. अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती; मी एकविसावा, खिडकीत.

त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही. पण पहाटेपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. संस्कार हे माझे नाहीत, ते ख्रिस्तसभेचे आहेत. माझ्या हातून तेल लागले नाही म्हणून आजी काही उणे घेऊन गेल्या नाहीत. आपणच सर्वत्र पोचले पाहिजे, ही आपल्या धर्मगुरूंची, आईबापांची, घरातील कर्त्या माणसांची भावना आजारपणात सुटावी लागते. दुसऱ्याला जाऊ देणे हीदेखील सेवाच असते.

पुढचे वर्ष अधिक कठीण गेले. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने नाशिक जिल्हा होरपळला. खाटांसाठी, प्राणवायूसाठी लोक रात्रभर फिरले. २१ एप्रिलला नाशिकमधील एका रुग्णालयात प्राणवायूची टाकी गळून २२ रुग्ण काही वेळातच दगावले. आमच्या धर्मग्रामानेही माणसे गमावली. माझे उपचार तोवर संपले होते. १ मार्चपासून पंचेचाळीस ते साठ या वयातील व्याधिग्रस्तांना लस मिळू लागली होती आणि त्या वीस व्याधींच्या यादीत लिम्फोमाही होता. डॉक्टरांचा दाखला घेऊन मी सरकारी दवाखान्यात रांगेत उभा राहिलो. गावात तेव्हा लसीविषयी नाना वावड्या उठत होत्या. १८९७ च्या जानेवारीत, मुंबईत प्लेगचे थैमान चालू असताना, हाफकीन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती, ही गोष्ट मी त्या आठवड्यात अनेकांना फोनवरून सांगितली आणि मग म्हणालो, ‘मीही घेतली आहे, आता तुम्ही घ्या.’

त्यामागे माझा थोडा स्वार्थही होता, तो मी लपवला नाही. मला मिळालेल्या औषधांपैकी एक औषध प्रतिद्रव्ये तयार करणाऱ्या पेशींवरच काम करते. त्यामुळे अशा रुग्णाला लस टोचली तरी ती काही महिने पुरेशी लागू पडेलच असे नसते. त्याचे खरे कुंपण म्हणजे त्याच्या भोवतीची माणसे. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी लस घेतली, तर रोग त्याच्या दारापर्यंत पोचत नाही. एकाचे रक्षण दुसऱ्याच्या दंडावर अवलंबून असते, हे शास्त्राने सांगितलेले सत्य आपल्या धर्मशिकवणीतील शेजारप्रीतीपासून फार दूर नाही.

५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. जगापुरते ते खरे आहे. परंतु ज्या घरात आज केमो चालू आहे, त्या घरापुरती साथ संपलेली नसते. कोरोना, फ्लू, साधा खोकलाही तेथे पाहुणा म्हणून येतो आणि घरमालक होऊन बसतो. म्हणून, प्रिय धर्मग्रामस्थहो, तुमच्यापैकी कोणाच्या घरी असा रुग्ण असेल त्यांना माझे थोडे सांगणे आहे. तापमापक घरात ठेवा आणि इस्पितळाचा रात्रीचा क्रमांक भिंतीला लावा. ठरलेली पाळी डॉक्टरांना विचारल्याविना चुकवू नका. लसी कोणत्या घ्यायच्या, कधी घ्यायच्या, हे त्यांनाच विचारा; काही लसींत जिवंत जंतू असतात, त्या केमोत चालत नाहीत. झाडपाल्याचा काढा कोणी कितीही प्रेमाने आणून दिला तरी डॉक्टरांना दाखवल्याखेरीज घेऊ नका.

आणि ज्यांच्या घरी असा रुग्ण नाही, त्यांच्यासाठीही काही आहे. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला घोळक्याने जाण्याची रीत आहे. प्रेमाची रीत आहे ती, पण सर्दी झालेल्या माणसाने त्या दिवशी घरी राहणे हे त्याहून मोठे प्रेम. रुग्णाला नेण्यासाठी गाडी द्या, रक्त द्या, त्याच्या बागेची एक फवारणी करून द्या, मुलांना डबा द्या. त्याच्याबरोबर फोनवर जपमाळेचे एक दशक म्हणा. रविवारच्या मिस्सेला खिडकीजवळचा शेवटचा बाक आमच्या चर्चमध्ये आता अशा माणसांसाठी मोकळा ठेवलेला असतो. तेथे कोणी मुखपट्टी बांधून बसले असेल तर शांतिचिन्ह देताना हात पुढे करू नका. दुरूनच हात जोडा. त्याला ते पोचते. मला पोचत होते.